एका दुखण्याचे सोबती

श्रोतेहो, राजेरजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण दुखण्यांनाही इतिहास असतो बरे का! आज मधुमेहाचा, म्हणजे आपण ज्याला नुसती 'साखर' म्हणतो त्या दुखण्याचा, थोडासा इतिहास सांगणार आहे. मी वैद्य नव्हे, इतिहास शिकवणारा मनुष्य आहे.

हे दुखणे आपल्याकडे जुनेच. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, ही खूण चरकसंहितेत नोंदलेली आहे. सुश्रुतसंहितेत तर प्रमेहाच्या रोग्याला उठणाऱ्या गळवांच्या उपचारावर स्वतंत्र अध्याय आहे. मूळ रोगाच्या मागून, त्याच्याच आश्रयाने येणाऱ्या दुखण्याला आयुर्वेदाने नाव दिले 'उपद्रव'. आज पोरांच्या खोड्यांना आपण हा शब्द लावतो. पण मधुमेह एकटा येत नाही, हे जुन्या वैद्यांनी ओळखले होते.

आता एकदम विसाव्या शतकात या. या रोगाची मुले तेव्हा फार थोडी वर्षे जगत. उपाय काय, तर उपासमार! १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले. मरणाच्या दारातले पोर उठून बसले. जगाला वाटले, रोग जिंकला!

पण झाले भलतेच. रोगी जगू लागले, तसे मागचे सोबती पुढे आले. स्वतः थॉम्प्सन तेरा वर्षे जगला आणि १९३५ साली न्यूमोनियाने गेला. अमेरिकेत बोस्टनचे डॉक्टर जॉस्लिन यांना दिसले की, बेशुद्धीने मरणारे कमी झाले, पण रक्तवाहिन्या बिघडून, पाय सडून दगावणारे वाढले. त्यांचे सहकारी रूट यांनी १९३४ साली मधुमेह आणि क्षय यांच्या संगतीवर लेख लिहिला. १९३६ साली मधुमेहाने मूत्रपिंडात होणारा बिघाड दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. जॉस्लिन यांचा धडा साधा होता : औषधाबरोबर रोग्याला शिक्षण द्या, त्याला स्वतःचे पाय पाहायला शिकवा.

हे सगळे दूरदेशीचे वाटेल. म्हणून घरचे सांगतो. आमच्या नात्यातल्या एका अण्णांना २००८ साली टीबी झाला. गोळ्या नेमाने घेतल्या, खोकला उतरला, पण अंग काही धरीना. तशात बाभळीचा काटा पायात मोडला. त्यांना कळलेच नाही, कारण पाय बधिर झाला होता. छातीचे कागद एका पिशवीत, पायाचे दुसऱ्या. साखर तपासली ती अंगठा काळा पडल्यावर. अंगठा काढावा लागला. डॉक्टरांनी छाती पाहिली, पाय पाहिला; अख्खे अण्णा कुणी पाहिलेच नाहीत, आणि आम्हीही नाही.

मधुमेह असला की टीबी जडण्याचा धोका दोनतीन पट वाढतो. उलट टीबीच्या तापात साखर चढते, आणि टीबीचे एक औषध साखरेच्या काही गोळ्यांचा जोर कमी करते. म्हणूनच २०१७ साली आपल्या सरकारने दोन्ही रोगांची तपासणी एकमेकांशी जोडण्याची आखणी केली.

तेव्हा गुरुजी, बाई आणि गावकरी मंडळी, एवढे करा. टीबीच्या रोग्याला विचारा, साखर तपासली का? साखरेच्या रोग्याला दोन आठवडे खोकला असेल, तर बेडका तपासायला धाडा. रोज रात्री त्याचे तळपाय दिव्यापाशी पाहा. आणि दवाखान्यात जाताना सगळे कागद, सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत न्या. रोग अनेक असतील, माणूस एकच आहे.