पिशवीतला रुग्ण

रुवीच्या बस स्टँडवर संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहिलं की एक माणूस हमखास दिसतो. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या. त्याचा सगळा आजार त्या पिशवीत असतो.

आमच्या बिल्डिंगमधले चिपळूणचे एक काका अशीच पिशवी घेऊन सुट्टीवर गेले आणि ती प्रवासात कुठेतरी हरवली. गावच्या डॉक्टरांना ना जुनी साखर कळेना, ना कुठली गोळी चालू होती ते. सगळ्या तपासण्या नव्यानं, खिशातल्या पैशानं. परत आल्यावर काका मला म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? मग सगळं कॉम्प्युटरात असतं म्हणतात, ते नक्की कुठे असतं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला जरा इतिहासात जावं लागतं.

आज रुवीत बँका आणि दुकानांची गर्दी आहे, पण १९७३ मध्ये सीबचा विमानतळ सुरू होईपर्यंत इथेच बैत अल फलज किल्ल्याजवळ मस्कतची धावपट्टी होती. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा आधुनिक उपचार म्हणजे मुख्यतः मस्कत-मत्रा भागातली अमेरिकन मिशनची इस्पितळं. पुढे देशाने सरकारी इस्पितळं झपाट्याने उभी केली आणि राजधानीत कामं वाटून दिली. डोळे, दात, कान-नाक-घसा रुवीजवळच्या अल नहदा इस्पितळात. हाडं आणि भाजलेले रुग्ण खौला इस्पितळात. हृदयासारखे मोठे आजार १९८७ मध्ये सुरू झालेल्या रॉयल इस्पितळात. शहाणपणाची वाटणी. पण परिणाम असा की एकाच माणसाचे डोळे एका फाइलीत, हाड दुसऱ्या फाइलीत आणि हृदय तिसऱ्या.

१९९० च्या दशकात आरोग्य मंत्रालयाने 'अल शिफा' नावाची संगणक प्रणाली स्वतःच घडवायला घेतली. बाहेरून तयार माल न आणता आपल्या गरजेप्रमाणे बांधली, आणि पुढे ती दोनशेहून अधिक सरकारी आरोग्य संस्थांत पोचली. पण सॉफ्टवेअर एक असलं तरी माहिती ज्या त्या इस्पितळाच्या घरीच राहिली. शिवाय विद्यापीठाचं, सैन्याचं आणि पोलिसांचं इस्पितळ मंत्रालयाच्या बाहेर. खासगी दवाखाने तर वेगळेच, आणि आमच्यासारखे बहुतेक परदेशी जातात तिथेच.

आता ही घरं जोडायची कशी? पहिला विचार सुचतो तो प्रत्येकाची प्रत्येकाशी तार जोडण्याचा. पाच प्रणाली असतील तर दहा तारा पुरतात. वीस झाल्या की १९० लागतात, आणि एकीत बदल केला की तिच्या एकोणीस तारा तपासत बसा. दुसरा विचार म्हणजे सगळं उचलून एकाच महासंगणकात ओतणं. त्याला कोणी सहजी तयार होत नाही, आणि तो बंद पडला की सगळंच बंद.

यातून २००० नंतरच्या दशकात जो मार्ग जगभर रुळला तो सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर. नाव भारदस्त आहे, कल्पना तहसील कचेरीच्या खिडकीची. सातबारा हवा असेल तर आपण आत जाऊन कपाटं उघडत नाही. खिडकीवर ठरलेल्या नमुन्यात अर्ज देतो, ठरलेल्या नमुन्यात उतारा मिळतो. आत कपाट लाकडी आहे की लोखंडी, आपल्याला काय त्याचं! तसंच प्रत्येक प्रणालीने आपलं घर आपल्यापाशी ठेवावं, फक्त खिडकी उघडावी: 'या रुग्णाची औषधं सांगा', 'हा तपासणीचा निकाल घ्या'. अर्जाचा नमुना सर्वांनी मिळून ठरवायचा. आरोग्यात असे नमुने ठरवणारी एचएल-सेव्हन ही संस्था अमेरिकेत १९८७ पासून आहे. तिच्याच छत्राखाली २०११ पासून आकाराला आलेला 'फायर' हा नमुना आज बराच चालतो.

पण खिडकीवर पहिला प्रश्न येतो, 'कोणाची माहिती?' मोहम्मद नावाचे शंभर, पाटील नावाचे पन्नास. ओमानमध्ये २००४ पासून ओळखपत्रं मिळू लागली आणि त्यावरचा सिव्हिल नंबर, नागरिकांचा तसाच परदेशी रहिवाशांचाही, ही किल्ली झाली. मंत्रालयाच्या 'नहर अल शिफा' या प्रकल्पाचा हेतूही हाच, वेगवेगळ्या घरांतली माहिती एका रुग्णापाशी आणणं. नहर म्हणजे नदी. अनेक ओढे, एक पात्र.

याची खरी परीक्षा कोविडमध्ये झाली. २४ फेब्रुवारी २०२० ला ओमानमध्ये पहिले रुग्ण सापडले. १ एप्रिलला मत्रा विलायत बंद झाली, आमची रुवी तिच्यातच येते. १० एप्रिलला पूर्ण मस्कत प्रांत. तेव्हा साथरोगांची नोंद इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेणारी 'तरस्सुद' ही यंत्रणा कामाला आली. पण ज्याच्या कार्डाची मुदत संपली आहे, तो मजूर खिडकीसमोर यायलाच घाबरतो. एका खोलीत आठ-दहा जण राहतात तिथे असा एक माणूस लपला की सगळी यंत्रणा आंधळी. परदेशी लोकांचीही तपासणी आणि उपचार मोफत, असं त्याच एप्रिलमध्ये सरकारने जाहीर केलं, ते म्हणूनच महत्त्वाचं होतं. भीती कमी करणं हे काही सॉफ्टवेअरचं काम नाही.

आपल्याकडे गोष्ट उलटी घडली. तिथे एका मंत्रालयाची एक प्रणाली, इथे प्रत्येक योजनेची वेगळी. साथरोगांसाठी २००४ मध्ये आयडीएसपी, गरोदर माता आणि बालकांसाठी २००९ मध्ये एमसीटीएस, क्षयासाठी २०१२ मध्ये निक्षय. उपकेंद्रातल्या नर्सताईंनी एकाच बाईचं नाव किती ठिकाणी लिहायचं? खिडक्यांचा विचार देशपातळीवर आला तो २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये. चौदा आकडी आभा क्रमांक, माहिती ज्याची त्याच्या घरी, आणि रुग्णाची संमती असेल तरच खिडकी उघडणार. नमुनाही तोच, फायर.

म्हणजे दोन्ही देश एकाच दिशेने निघाले आहेत. तरी काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला असंच द्यावं लागलं, "काका, तुमची साखर रुवीच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरात आहे. चिपळूणच्या डॉक्टरांना ती मागायला खिडकी नाही." सिव्हिल नंबर चिपळुणात कोणी विचारत नाही, आभा क्रमांक रुवीत. दोन नमुने जुळवणं आम्हा इंजिनिअर लोकांना जमेल. पण या माणसाची माहिती त्याच्याबरोबर समुद्र ओलांडून गेली पाहिजे, हे आधी दोन्हीकडच्या सरकारांना वाटलं पाहिजे. तो वर्षाचे अकरा महिने एका देशाचा पाहुणा आणि एक महिना दुसऱ्या देशाचा.

तोवर उपाय जुनाच. तुमच्या घरचं कोणी आखातात असेल तर त्याला सांगा, प्रत्येक रिपोर्टचा मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवून ठेव, औषधाच्या पाकिटावरच्या नावासकट. काकांनी आता तेच सुरू केलंय. पिशवीही आहेच, पण आता ती हातातल्या सामानात असते.