पश्चप्रकाशन
पश्चप्रकाशन : स्वतः प्रकाश न देणाऱ्या दर्शक पडद्याला मागील बाजूने प्रकाश पुरविण्याची योजना. द्रव स्फटिकाचा पडदा असलेल्या दूरचित्रवाणी संचांत, संगणकांत व अनेक मोबाइल संचांत ती आढळते.

इतिहास : ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्‌झर यांना १८८८ मध्ये द्रव स्फटिकी अवस्था आढळली. अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९६८ मध्ये तिच्यावर आधारलेला दर्शक जाहीर केला. मार्टिन शाट व व्होल्फगांग हेल्फ्रिख यांनी १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पीळदार रेणुरचनेचा दर्शक शोधून काढला. त्यात दोन ध्रुवकांमध्ये द्रव स्फटिकाचा पातळ थर असतो. विद्युत् दाबाने रेणूंची दिशा बदलते आणि त्यानुसार प्रकाश पार जातो वा अडतो. म्हणजेच हा थर दिवा नसून झडप आहे.

घड्याळे व गणकयंत्रे यांना सभोवतालचा परावर्तित प्रकाश पुरत असे. रंगीत पडद्याला मात्र तो अपुरा पडतो. कारण ध्रुवक निम्म्याहून अधिक व रंगगाळण्या उरलेल्यापैकी सु. दोन-तृतीयांश प्रकाश शोषून घेतात. १९८९ च्या ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ या संगणकाचा पडदा कृष्णधवल असूनही मंद उजेडात वाचणे कठीण जाई. १९९१ मध्ये त्याला पश्चप्रकाशन जोडल्यावर वाचन सुकर झाले. पण विद्युत् घटमाला लवकर संपू लागली.

प्रारंभी यासाठी बारीक अनुस्फुरक नळ्या वापरीत. त्यांना उच्च विद्युत् दाब लागे व त्यांत पारा असे. इसामू अकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा या शास्त्रज्ञांच्या निळ्या प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थामुळे (एलईडीमुळे) पांढरा प्रकाश देणारे द्विप्रस्थ शक्य झाले. या कार्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. सोनी कंपनीने २००४ मध्ये द्विप्रस्थांचे पश्चप्रकाशन असलेला दूरचित्रवाणी संच बाजारात आणला. पुढे अनुस्फुरक नळ्या मागे पडल्या.

मर्यादा : झडप मिटली तरी थोडा प्रकाश झिरपतोच. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत पडद्यावरील काळा रंग करडा दिसतो. यावर उपाय म्हणून पश्चप्रकाशनाचे विभाग पाडून प्रत्येक विभाग स्वतंत्रपणे मंद वा प्रखर करतात. २०२१ च्या ‘आयपॅड प्रो’च्या मोठ्या पडद्यामागे दहा हजारांहून अधिक द्विप्रस्थ २,५९६ विभागांत मांडलेले होते, परंतु चित्रबिंदू सु. ५६ लाख असल्याने एका विभागाच्या वाट्याला दोन हजारांहून अधिक बिंदू येत. त्यामुळे काळ्या आकाशातील एकटी चांदणी दाखविताना तिच्याभोवती प्रभावलय उमटते. ते टाळावे, तर चांदणीच निस्तेज होते.

या अडचणीतून सुटण्याचा मार्ग म्हणजे प्रत्येक बिंदूने स्वतः प्रकाशणे. चिंग टांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये वर्णिलेल्या कार्बनी द्विप्रस्थांवर (ओएलईडीवर) आधारलेल्या पडद्यांत पश्चप्रकाशन लागत नाही व काळा बिंदू पूर्णपणे विझतो. मात्र त्यांतील कार्बनी द्रव्ये वापराने क्षीण होतात आणि एकच स्थिर चित्र दीर्घकाळ दाखविल्यास त्याचा ठसा राहू शकतो. त्यामुळे मर्यादा ठाऊक असूनही पश्चप्रकाशित पडद्यांचा वापर टिकून आहे.