जोडणाऱ्या शब्दांची कुळकथा

वसमत आणि औंढा नागनाथ यांच्या दरम्यान शिरड शहापूर हे गाव आहे. भगवान मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे ते दूरवर परिचित आहे. या गावाच्या नावाकडे जरा निरखून पाहावे. शिरड आणि शहापूर अशी दोन नावे येथे शेजारी उभी आहेत. शिवाय ‘शहापूर’ या एकाच शब्दात फारसी ‘शाह’ आणि संस्कृत ‘पूर’ सुखाने नांदत आहेत. लोकभाषेने ही जोडणी सहज साधली. राज्यकर्त्यांना मात्र जोडणीसाठी शब्द शोधून काढावे लागतात, आणि एकदा निवडलेला शब्द पुढे अनेक पिढ्यांच्या जीवनावर परिणाम करीत राहतो.

हे गाव जागचे तसूभर हलले नाही. तरी 1956 पर्यंत ते हैदराबाद राज्यात होते, 1956 ते 1960 मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. पुढे 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून निघून ते नव्या हिंगोली जिल्ह्यात आले. यांपैकी पहिल्या स्थित्यंतरांची बोलणी व कागदपत्रे मुख्यतः इंग्रजीत झाली. सेमिनरीत लॅटिनशी ओळख झाल्यामुळे त्या इंग्रजी शब्दांची मुळे शोधण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. वाचकांनी थोडा वेळ आमच्याबरोबर यावे.

1947 साली संस्थानिकांसमोर ठेवलेल्या सामीलनाम्याला इंग्रजीत ‘ॲक्सेशन’ म्हटले होते. लॅटिनमध्ये याचा मूळ अर्थ जवळ जाणे. संस्थानाने संरक्षण, परराष्ट्रव्यवहार आणि दळणवळण एवढे तीन विषय केंद्राकडे सोपवायचे. बाकीचा कारभार त्याच्याकडेच राहायचा. निजाम मीर उस्मान अली खान यांनी एवढेही जवळ येण्याचे टाळले. 29 नोव्हेंबर 1947 रोजी त्यांनी केला तो एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार.

दुसरा शब्द ‘मर्जर’. याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ बुडविणे, पाण्याखाली नेणे. मराठीने त्यासाठी ‘विलीनीकरण’ हा शब्द योजला, तोही विरघळण्याचाच. सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थाने 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात अशीच विलीन झाली आणि कोल्हापूर 1 मार्च 1949 रोजी. मिठाचा खडा पाण्यात पडावा तसे झाले. चव राहिली, खडा राहिला नाही.

हैदराबादच्या जनतेने मात्र वेगळा शब्द उचलला होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने 7 ऑगस्ट 1947 रोजी ‘जॉइन इंडियन युनियन’ दिन पाळला. ‘जॉइन’चे मूळ लॅटिन ‘युंगेरे’, म्हणजे जोडणे, जुंपणे. आपल्या ‘योग’ आणि ‘संयुक्त’ या शब्दांतील ‘युज्’ धातू त्याचाच भाऊबंद. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हा मराठी माणसांनीही नकळत त्याच कुळातील शब्द निवडला होता. एका जुवाखाली दोन बैल चालतात, पण कोणताही बैल दुसऱ्यात विरघळत नाही.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. या दिवसासाठी आपल्या लोकांनी ‘मुक्ती’ हा शब्द ठेवला. त्यासाठी अनेकांनी प्राण दिले. वसमतच्या महाविद्यालयाच्या नावात हुतात्मा बहिर्जींचे स्मरण आजही आहे. रझाकारांनी गावोगावी केलेले अत्याचार विसरता येत नाहीत. त्याचप्रमाणे पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर जे ओढवले, तेही इतिहासातून वगळता येत नाही. सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांची संख्या 27,000 ते 40,000 असल्याचा अंदाज केला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली होती.

या सर्व घडामोडींना इतिहासग्रंथांत ‘इंटिग्रेशन’ म्हणतात. व्ही. पी. मेनन यांनी 1956 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नावातही तोच शब्द आहे. त्याचे मूळ ‘इंटेगेर’. त्याचा अर्थ ज्याला धक्का लागलेला नाही असे, अखंड, धडधाकट. हा अर्थ आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. जोडताना एखादे अंग जायबंदी झाले, तर भूमी एक होते, नकाशा एक होतो, पण ते ‘इंटिग्रेशन’ अपुरेच राहते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचेच तीन भाग झाले. तेलंगण आंध्रात गेले, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये गेले आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. भाषेने जुळण्यासाठी सव्वादोनशे वर्षांचे जुने घर मोडावे लागले. तत्पूर्वी, 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात मागे राहिलेल्या विभागांना न्याय्य वाटा देण्याचे वचन दिले गेले होते. विकास मंडळांची तरतूद 1956 च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेतही आली. मराठवाडा बिनशर्त महाराष्ट्रात आला, असे आजही अभिमानाने सांगितले जाते. त्या अभिमानात थोडी खंतही मिसळलेली असते.

ती खंत निराधार नाही. 1984 साली दांडेकर समितीने विभागांच्या मागासलेपणाची मोजदाद केली. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,186 कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचा सुमारे 751 कोटी. विकास मंडळे प्रत्यक्षात आली ती 1994 साली, आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली. ‘अनुशेष’ म्हणजे मागे उरलेले. एकीकरणाच्या हिशेबात बाकी राहिलेल्या रकमेला याहून नेमके नाव मिळाले नसते.

शेवटी, वाचकहो, आपल्या घराघरांत परिचित असलेला एक शब्द पाहू. ‘कम्युनियन’ या शब्दात आपल्याला ‘युनियन’ ऐकू येते, पण त्याची व्युत्पत्ती वेगळी आहे. ‘युनियन’ हा ‘ऊनुस’ म्हणजे ‘एक’ यापासून आला. ‘कम्युनियन’च्या मुळाशी ‘मूनुस’ आहे. त्याचा अर्थ कर्तव्य, आणि देणगीही. म्हणजे एकत्र येणे हे केवळ एक होणे नव्हे, तर एकमेकांचा भार वाहणे होय.

एकाच सरकारच्या छत्राखाली येण्याचे काम शिरड शहापूरसारख्या गावांपुरते 1960 साली पूर्ण झाले. भार वाहण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे चालणारे आहे. मुंबईच्या वा पुण्याच्या माणसाला औंढ्याच्या शेतकऱ्याचे पाणी हा आपला प्रश्न वाटतो काय, आणि मुक्तिदिनाचा झेंडा फडकविताना 1948 च्या सर्वच मृतांची आठवण ठेवण्याइतके आपले मन मोठे आहे काय, यावर ‘संयुक्त’ या शब्दाचा खरेपणा ठरेल. शासनाकडे अनुशेष मागण्याचा अधिकार आपल्याला आहेच. त्याबरोबर, आपल्या गावात आपण कोणाचे किती देणे लागतो, याचाही हिशेब प्रत्येकाने मांडावा.