स्वयंचलित दारापासून यंत्राच्या दृष्टीपर्यंत

श्रोतेहो, पावसाळा भरांत आला कीं कोल्हापूर जिल्ह्यांत घरोघरीं एकच प्रश्न विचारला जातो : "राधानगरीचीं दारें उघडलीं का?" तीं कोणीं उघडलीं, असें मात्र कोणी विचारीत नाहीं. भोगावती नदीवरील या धरणाचीं सात स्वयंचलित दारें माणसाच्या हाताची वाट पाहत नाहींत. जलाशयाची पातळी ठरल्या रेषेवर, म्हणजे साडेतीनशें फुटांच्या किंचित् खालीं, ३४७.५ फुटांवर पोहोंचली कीं पाण्याच्याच भारानें एकेक दार उघडूं लागतें, आणि पातळी उतरली कीं मिटतें. उघडलेल्या एका दारांतून सेकंदास सुमारें १,४०० घनफूट पाणी धो धो बाहेर पडतें.

राधानगरी हें गांव राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपल्या कन्या राधाबाई यांच्या नांवानें वसविलें आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत धरणाचें काम हातीं घेतलें. १९२२ सालीं महाराज निवर्तले, तेव्हां तें अपुरेंच होतें. स्वातंत्र्यानंतर तें पूर्णत्वास गेलें. स्वयंचलित दारांची कल्पना महाराष्ट्रांत त्यापूर्वींच रुजली होती. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणावर अशीं दारें बसविलीं. परिस्थितींतील बदल यंत्रानें स्वतः जाणावा, तदनुसार कृति करावी, आणि कृतीचा परिणामहि जाणून वेळेवर थांबावें, हें यंत्रमानवविद्येचें आद्य तत्त्व त्या दारांत स्पष्ट दिसतें.

१९४८ सालीं अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर यांनीं या तत्त्वाच्या शास्त्रास 'सायबर्नेटिक्स' हें नांव दिलें. त्याच सुमारास इंग्लंडांतील ब्रिस्टॉल शहरीं ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञानें दोन यांत्रिक कासवें तयार केलीं. तीं प्रकाशाकडे सरकत, अडथळा आला तर बगल देत, आणि अंगांतील वीज ओसरूं लागली कीं आपल्या खोपटाकडे परतत. विशेष हें कीं, वॉल्टर यांचा मूळ व्यवसाय मेंदूंतील विद्युत्‌लहरींचें आलेखन हा होता. ही विद्या जर्मनींतील हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मानवी मेंदूवर प्रथम साधली होती. मेंदू पाहणें आणि मेंदूसारखें यंत्र घडविणें, हे दोन उद्योग असे आरंभापासूनच शेजारीं नांदत आले.

मेंदू पाहण्याची विद्या पुढें झपाट्यानें वाढली. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमध्यें गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें एका रुग्णाच्या मेंदूचें छेदचित्र घेतलें. क्ष-किरण अनेक दिशांनीं सोडावयाचे आणि त्यांच्या मोजमापावरून संगणकानें आंतील चित्र गणितानें रचावयाचें, अशी ती युक्ति. हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९९० सालीं सेइजी ओगावा यांनीं दाखविलें कीं, रक्तांतील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचा कोणता भाग कार्यरत आहे, हें चुंबकीय चित्रणानें कळूं शकतें. तथापि त्या चित्रांत दिसतो तो रक्ताचा ओघ; त्या माणसाच्या मनांतील विचार त्यांत उमटत नाहीं.

यंत्रास दृष्टि देण्याचा इतिहासहि मेंदूपासूनच सुरू होतो. १९५९ सालीं ह्यूबेल आणि वीझेल यांनीं मांजराच्या मेंदूंत एक नवल पाहिलें : कांहीं पेशी उभ्या रेषेस प्रतिसाद देतात, तर कांहीं तिरप्या रेषेस. या शोधावरून स्फूर्ति घेऊन जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनीं १९८० सालीं अक्षरें ओळखणारी थराथरांची रचना मांडली. २०१२ सालीं टोरोंटो येथील हिंटन आणि त्यांच्या शिष्यांनीं त्याच जातीच्या रचनेनें चित्रें ओळखण्याच्या स्पर्धेंत इतर सर्वांना मागें टाकलें. त्या रचनेंत सुमारें सहा कोटी अंक होते. लक्षावधि चित्रें पाहून ते अंक यंत्रानें स्वतःच जुळविले होते.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबून आपल्या दाराकडे पुन्हां पाहूं. राधानगरीचें दार एकाच अंकावर चालतें, आणि तो अंक जिल्ह्यांतील शेतकऱ्यासहि ठाऊक आहे. दार कां उघडलें, असें कोणी विचारलें तर पातळीकडे बोट दाखवितां येतें. यंत्राच्या नव्या दृष्टीचें तसें नाहीं. सहा कोटी अंकांपैकीं कोणत्या अंकानें निर्णय फिरविला, हें तिच्या कर्त्यासहि सहसा सांगतां येत नाहीं. अमेरिकेंत २०१८ सालीं चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन यंत्रणांची परीक्षा झाली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत चूक फार तर शंभरांत एकाहूनहि कमी. सांवळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतींत मात्र एका यंत्रणेची चूक शेंकडा ३४ हून अधिक निघाली. ज्यांचे चेहरे शिकवणींत थोडे, त्यांच्या वांट्याला अंधार अधिक, असा हा प्रकार होय.

दाराचीहि दृष्टि अपुरीच आहे. नदीकांठच्या मोटारी काढल्या कीं नाहींत, गोठ्यांतील गुरें हलविलीं कीं नाहींत, हें त्यास दिसत नाहीं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकांठच्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांनीं घरेंदारें सोडलीं, तेव्हां कोणत्या घरांत अंथरुणास खिळलेली म्हातारी आहे, हें शेजाऱ्यासच ठाऊक होतें. दार उघडण्याचें काम पाण्यावर सोंपवितां आलें. दवंडी देण्याचें काम अद्यापि माणसाकडेच आहे. उद्यां पुराचा अंदाज, रोग्याचें निदान किंवा गुन्हेगाराची ओळख यंत्राच्या डोळ्यावर सोंपवितांना आपण एवढा आग्रह अवश्य धरावा कीं, निर्णयाचें कारण विचारण्याचा हक्क सामान्य माणसास असावा, आणि उत्तर देण्यास कोणी जबाबदार मनुष्य तेथें उभा असावा.