वेल्श हार्पचं तळं आणि काठावरची घरं

डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो, की जेवणं झाल्यावर पोरं कंटाळतात. मग मी त्यांना घेऊन टेकडी उतरते, नॉर्थ सर्क्युलर ओलांडते आणि वेल्श हार्पच्या तळ्यावर जाते. मंडळी, आपल्यापैकी कितीजणांनी हे तळं पाहिलंय? स्टेपल्स कॉर्नरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असताना शेजारीच एवढं पाणी आहे, हे कळतही नाही.

तळं म्हणते खरी, पण हा आहे बांधलेला जलाशय. रीजंट्स कालवा 1820 मध्ये पुरा झाला आणि त्याला पाणी कमी पडू लागलं. म्हणून किंग्जबरीला ब्रेंट नदीवर बांध घातला, तो 1835 मध्ये तयार झाला. 1841 च्या जानेवारीत अतिवृष्टीने बांध फुटला आणि खाली ब्रेंटफर्डमध्ये माणसं दगावली. पानशेत अनुभवलेल्या पुणेकरांना ह्याहून जास्त सांगायला नको.

नाव पडलं काठावरच्या पबवरून. 1858 पासून वॉर्नर नावाच्या मालकाने तिथे अशी जत्रा भरवली, की 1870 मध्ये रेल्वेने खास स्टेशन दिलं! पुढे स्टेशन बंद झालं. पबही 1970 च्या दशकात फ्लायओव्हरसाठी पाडला. नाव तेवढं राहिलं.

पूर्वेच्या काठावर वेस्ट हेंडन. 13 फेब्रुवारी 1941 च्या रात्री इथे एकच मोठा जर्मन बॉम्ब पडला. गल्ल्याच्या गल्ल्या सपाट झाल्या, सत्तरहून जास्त माणसं गेली. त्यांची आठवण म्हणून पाण्याकडेला यॉर्क मेमोरियल पार्क आहे. शेजारी 1960 च्या दशकात कौन्सिलची घरं उभी राहिली. म्हणजे साध्या पगाराच्या माणसांना खिडकीतून तळं दिसत होतं. लंडनमध्ये हे काही थोडंथोडकं भाग्य नव्हे.

पुढे बार्नेट कौन्सिलने बिल्डरबरोबर योजना आखली: ती घरं पाडायची आणि पार्कची काही जागाही घेऊन सुमारे 2,000 नवी घरं बांधायची, त्यात पंचवीसहून अधिक मजल्यांचे टॉवरही. 2013 मध्ये परवानगी मिळाली. निसर्गप्रेमी खवळले, कारण 1950 पासून ह्या जलाशयाला कायद्याचं संरक्षण आहे. शेंडीवाले ग्रीब पक्षी इथे घरटी करतात, आणि उंच इमारतींचा त्यांना त्रास होईल, हा मुद्दा होता. कौन्सिलचं म्हणणं असं, की जुन्या इमारती मोडकळीला आल्यात आणि लंडनला घरं हवीत. खोटं नव्हे ते. आपल्या मुलांना तरी घर कुठे परवडतंय?

पण माझ्या मते खरा प्रश्न पक्ष्यांचा नव्हताच. 2015 च्या जानेवारीत सक्तीच्या संपादनाची जाहीर चौकशी झाली, तेव्हा रहिवाशांनी विचारलं, आम्ही जायचं कुठे? ज्यांनी आपले कौन्सिलचे फ्लॅट विकत घेतले होते, त्यांना मिळणाऱ्या पैशांत तिथलाच नवा फ्लॅट येत नव्हता. काही भाडेकरू तर वर्षानुवर्षं 'तात्पुरते' म्हणून राहिलेले, त्यांना नव्या घरावर हक्कच नाही. ज्यांना पुन्हा घर मिळालं, त्यातल्या अनेकांचा फ्लॅट तळ्याकडेला नाही, रस्त्याकडेला. हे वाचून मला पवईच आठवली. तिथेही 1986 च्या करारात सरकारने जमीन नाममात्र भाड्याने दिली ती लहान, परवडणाऱ्या घरांसाठी, आणि उभे राहिले आलिशान टॉवर. 2012 मध्ये हायकोर्टाने बिल्डरला आधी लहान घरं बांधायला सांगितलं.

वेस्ट हेंडनमध्ये संपादन मंजूर झालं, जुन्या इमारती टप्प्याटप्प्याने पाडल्या गेल्या. नव्या वसाहतीचं नाव 'हेंडन वॉटरसाइड'. मागच्या खेपेला कूल ओक लेनच्या पुलावर उभे होतो, तेव्हा धाकटीने टॉवरकडे बोट दाखवून विचारलं, "आई, तिथे कोण राहतं गं?" मी तिला आधी तिथे कोण राहत होतं ते सांगायला लागले. अर्ध्यातच तिला पाण्यात बुडी मारणारा ग्रीब दिसला, आणि तो वर कुठे येतोय ते बघत आम्ही दोघी थांबलो.