धावा कोणासमोर काढल्या?

१९८७च्या दिवाळीच्या सुट्टीत मेहकर तालुक्यातल्या एका गावी झालेल्या टेनिस बॉल स्पर्धेत मी गुणलेखक होतो. शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सर्वाधिक धावा काढणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ मिळणार होतं. वहीत बेरीज केली. एकाच्या १३७, दुसऱ्याच्या १३१. पहिल्याने १३७पैकी ९४ धावा एका दुबळ्या संघाला झोडपून काढलेल्या. त्या संघाकडे गोलंदाजी करू शकणारी धड तीन मुलंही नव्हती. दुसऱ्याने आपल्या धावा उपांत्य आणि अंतिम सामन्यात जमवलेल्या. घड्याळ पहिल्याला दिलं. मंडपामागे दुसरा मला गाठून म्हणाला, "सर, रन कोनासमोर काढले हे वहीत लिवता का?" मी म्हणालो, नाही, वहीत फक्त धावा असतात.

सर्वाधिक धावांच्या पुरस्काराचा इतिहास चाळताना हा प्रश्न सारखा आडवा येतो. आपल्याकडे रणजी करंडकाच्या मोसमात सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक बळी घेणाऱ्यांना क्रिकेट मंडळ माधवराव शिंदे यांच्या नावाचा पुरस्कार देतं. निकष सरळ आहे. बेरीज करायची, मोठा आकडा निवडायचा. निवड समिती नाही, वशिला नाही. याच सरळपणावर माझा पूर्वी फार विश्वास होता.

२०१८-१९च्या मोसमाने तो डळमळला. त्या वर्षी नऊ नवे संघ आले आणि एकूण संघ ३७ झाले. नव्यांना प्लेट गटात एकमेकांशी खेळवलं. दिल्लीहून सिक्कीमकडे पाहुणा म्हणून गेलेल्या मिलिंद कुमारने तिथे १३३१ धावा केल्या. लक्ष्मणच्या १९९९-२०००मधल्या १४१५ धावांनंतरचा तो सर्वांत मोठा आकडा. त्याच मोसमात वसीम जाफरने विदर्भासाठी, वयाच्या चाळिशीत, बलाढ्य संघांसमोर १०३७ धावा काढल्या आणि विदर्भ सलग दुसऱ्यांदा विजेता झाला. पुरस्कार अर्थातच मिलिंद कुमारला. बळींचा पुरस्कारही प्लेट गटातल्याच बिहारच्या आशुतोष अमनला, ६८ बळींसाठी.

आमच्या बुलढाण्यात तेव्हा चहाच्या टपरीवरसुद्धा हसणं चाललं होतं. सिक्कीमच्या धावा म्हणजे काय धावा! मीही हसलो. मग घरी येऊन जुनी कात्रणं काढली आणि हसू ओसरलं.

कारण आम्ही कोण होतो? बुलढाणा वऱ्हाडातला जिल्हा. १९३४-३५मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा आमचा मुलूख मध्य प्रांत-वऱ्हाड या संघात होता. विदर्भ या नावाने संघ उतरला तो १९५७-५८मध्ये. पहिला करंडक यायला १ जानेवारी २०१८ उजाडावा लागला. इंदूरला दिल्लीला हरवून, फैझ फझलच्या नेतृत्वाखाली. मधल्या साठ वर्षांत विदर्भाच्या फलंदाजाने शतक ठोकलं की मुंबई-पुण्याकडचे जाणकार पहिला प्रश्न विचारायचे, कोणासमोर? प्लेट गटात आम्हीही बरीच वर्षं काढली आहेत. आणि ज्या जाफरच्या नावाने आम्ही सिक्कीमला हसत होतो, तोही मुंबईहून आमच्याकडे आलेला पाहुणाच होता.

हा संशय जुना आहे. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडसमोर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम नऊ धावांवर होता. एवढी नाचक्की नको म्हणून काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. उलट १९४४-४५मध्ये मुंबईच्या रुसी मोदींनी पाच सामन्यांत १००८ धावा केल्या, रणजीच्या एका मोसमात हजार ओलांडणारे ते पहिले. त्यांच्या आकड्याला असा प्रश्न कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

आकडे मोजण्याची दुसरी रीत मला सापडली ती बर्फावरच्या हॉकीत. (आमच्याकडे बर्फ गोळ्याच्या गाडीवर, पण विषय पुस्तकांतून कुठेही जातो.) उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये मोसमात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला आर्ट रॉस ट्रॉफी देतात. बोस्टन संघाचे व्यवस्थापक आर्ट रॉस यांनी ती १९४७मध्ये लीगला दिली. तिथे गोल करणाऱ्याला एक गुण आणि त्याच्याकडे चकती सरकवून देणाऱ्यालाही एक गुण. १९८५-८६मध्ये वेन ग्रेट्झ्कीने ५२ गोल केले आणि १६३ गोलांना हातभार लावला. दुसऱ्या क्रमांकावरच्या मारिओ लेम्यूचे एकूण गुण होते १४१. म्हणजे ग्रेट्झ्कीने वर्षभरात एकही गोल केला नसता, तरी ट्रॉफी त्याचीच. बरोबरी झाली तर मात्र ज्याचे गोल जास्त तो जिंकतो. १९७९-८०मध्ये ग्रेट्झ्की आणि मार्सेल डिऑन दोघांचे १३७ गुण झाले, आणि दोन गोल जास्त म्हणून डिऑनला ती मिळाली. सहाय्याला मान, पण अखेरचा शब्द गोलाचाच!

समोरचा संघ कसा होता, हे मात्र तिथेही मोजत नाहीत. आपल्या मंडळाने निदान एवढं केलं, की पुढे एलिट आणि प्लेट गटांसाठी वेगवेगळे पुरस्कार दिले. सिक्कीमसारख्यांना मान मिळाला, पण वेगळ्या पंगतीत. हे बरोबर की चूक, माझं मत ठरत नाही. प्लेट गटातल्या मुलाच्या बाजूने विचार केला तर ही पंगत मला टोचते. मंडपामागे उभ्या राहिलेल्या त्या मुलाच्या बाजूने केला तर पटते.

२०२४-२५च्या मोसमात सर्वाधिक धावा विदर्भाच्या यश राठोडच्या, ९६०. सर्वाधिक बळी विदर्भाच्याच हर्ष दुबेचे, ६९. आशुतोष अमनचा विक्रम त्याने एका बळीने मोडला. करंडकही तिसऱ्यांदा आला. नागपूरच्या उपांत्य सामन्यात राठोडने दुसऱ्या डावात १५१ धावा काढल्या, त्या मुंबईसमोर. कोणासमोर, हे या वेळी कोणी विचारलं नाही. त्या डावात दुसऱ्या टोकाला तग धरून राहिलेल्या कर्णधार अक्षय वाडकरच्या खात्यावर ५२ धावा आहेत. बर्फावरच्या हॉकीसारखी दुसरी रकाना-पद्धत आपल्या वहीत असती, तर त्यात आणखी बरंच काही लिहिलं गेलं असतं.

हा लेख लिहिताना १९८७ची ती वही माळ्यावरून काढली. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण आकडे शाबूत आहेत. ९४ धावांचं पान उघडलं. पानाच्या माथ्यावर, माझ्याच अक्षरात, समोरच्या संघाचं नाव ठळक लिहिलेलं आहे.