जालना परिसर : मताधिकार आणि गुन्हेगारीचा शिक्का

१९५१-५२ साली हैदराबाद विधानसभेची पहिली निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. पाटील आणि पारधी यांच्या मतांचे मोल समान ठरले. तथापि विशिष्ट जमातींना जन्मतः गुन्हेगार लेखणारा देशातील कायदा रद्द झाला तो मतदानानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. मराठवाडा मुंबई राज्यात असताना, १९५९ साली, सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला; त्याने जन्माऐवजी पूर्वीच्या शिक्षा प्रमाण मानल्या. परंतु १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) नुसार, प्रतिबंधक स्थानबद्ध वगळता, कोठडीतील कच्च्या कैद्यासही मतदान करता येत नाही. सारांश, जन्माचा शिक्का पुसला गेला, तरी दोष सिद्ध होण्यापूर्वीच केवळ संशयाने मताधिकार खंडित होऊ शकतो.